लेस पॉलचा सिरीयल नंबर तर बरोबर निघतोय, मग गिटार खरी समजायची का?

बेसूर_बंडू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

झालंय असं की एक जण त्याची गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड विकतोय, सनबर्स्ट रंगाची, त्याच्या म्हणण्याप्रमाणे २००६ ची. अजून हातात घेतलेली नाही, सगळं फोटो आणि चॅटवर चाललंय. सिरीयल नंबरचा फोटो मागितला तर त्याने दोन मिनिटांत पाठवला, हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) मागे नऊ आकडे आणि खाली मेड इन यूएसए, दोन्ही लाकडात दाबल्यासारखं दिसतंय. नंबरची सुरुवात ०३५२६ अशी आहे. तो मी नेटवरच्या एका डिकोडरमध्ये टाकला तर उत्तर आलं १८ डिसेंबर २००६. म्हटलं चला, माणूस खरं बोलतोय. आणि मग रात्री झोपताना उगाच तोच नंबर जसाच्या तसा सर्च केला तर दुसऱ्याच एका जुन्या जाहिरातीत तोच नंबर, नऊच्या नऊ आकडे तेच, पण ती गिटार काळी कुळकुळीत!! झोप उडाली ती उडालीच.

आता मला कळत नाहीये की नंबर बरोबर आहे म्हणजे नक्की काय बरोबर आहे. आणि हे नंबर कंपन्या नेमके कुठे टाकतात, सगळ्यांची जागा एकच असते का, कारण माझ्या मित्राच्या फेंडरला हेडस्टॉकवर आहे आणि त्याच्या काकांच्या जुन्या फेंडरला तिथे काहीच नाही, मग ती खोटी का? फोटो खाली जोडलेत, नंबरचे शेवटचे आकडे झाकलेत. कोणीतरी नीट समजावून सांगा राव.

सोलो_सम्राट

डिकोडरने तारीख दिली ना, मग झालं की. ती काळी गिटार फेक असेल, तुझी खरी असेल, कोणीतरी तुझ्यावाल्याचा नंबर ढापला असेल. जास्त विचार करत बसलास तर दुसरा कोणी उचलून नेईल. घेऊन टाक.

खुंटीवाला

सम्राट, थांब जरा, पोराला खड्ड्यात घालशील.

बंडू, आधी तुझ्या डिकोडरने काय केलं ते बघ म्हणजे त्याच्या उत्तराला किती किंमत द्यायची ते कळेल. गिब्सनने १९७७ पासून जी पद्धत धरली तिच्यात आठ आकडे असायचे. पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस, आणि शेवटचे तीन म्हणजे त्या दिवशीचा क्रमांक. २००५ च्या मध्यावर त्यात बॅचचा एक आकडा घुसवला म्हणून नऊ झाले. तुझ्या नंबरात पहिला ० आणि पाचवा ६, झालं ०६, आणि मधले ३५२ म्हणजे वर्षाचा ३५२ वा दिवस, तो १८ डिसेंबरला येतो. बस्स, एवढंच. डिकोडर गिब्सनच्या कुठल्या वहीत डोकावत नाही, तो फक्त आकडेमोड करतो. मी आत्ता इथे बसून ०१००६ लिहून पुढे मनाला येतील ते चार आकडे ठोकले तर तो तेवढ्याच आनंदाने १० एप्रिल २००६ सांगेल, आणि तशी गिटार जगात नसेलही.

म्हणून मी नेहमी सांगतो, नंबरवरून गिटार खोटी ठरू शकते, खरी ठरत नाही. मधले तीन आकडे ४१२ निघाले तर खेळ तिथेच खल्लास कारण वर्षाला ४१२ दिवस नसतात. पण बनावट माल काढणारा जरा जरी शहाणा असला तर असली चूक करत नाही, तो सरळ कोणाच्या तरी खऱ्या गिटारच्या जाहिरातीतून नंबर उचलतो आणि तोच ढिगाने मारत सुटतो. काळी आणि सनबर्स्ट एकाच नंबराच्या निघणं हे त्याचंच लक्षण. कदाचित दोन्ही खोट्या, आणि तो नंबर ज्या गिटारचा खरा आहे ती तिसरीकडेच कुठेतरी निवांत वाजत असेल.

एक पळवाट आहे ती पण सांगून ठेवतो, कारण विकणारे ती वापरतात. "गिब्सनचे नंबर रिपीट होतात" असं तो म्हणेल. होतात, खरं आहे, पण ती भानगड साठच्या दशकातली. १९६३ ते १९६९ च्या दरम्यान तेच तेच नंबर दोनदा, कधी त्याहून जास्त वेळा वापरले गेलेत आणि त्या काळातल्या गिटारचं वर्ष नुसत्या नंबरावरून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. २००६ च्या स्टँडर्डला ही सबब चालत नाही.

आणि शेवटचे आकडे झाकलेस ते बेस्ट केलंस. आपली खरी गिटार विकतानाही अख्खा नंबर जाहिरातीत टाकू नये, घेणाऱ्याला खाजगीत द्यावा.

बेसूर_बंडू

खुंटीवाला दादा, डोळे उघडले. म्हणजे मी जिला पुरावा समजत होतो ती नुसती बेरीज-वजाबाकी होती. पण मग अशी गिटार समोर आल्यावर बघायचं काय? आणि तो नऊ आकड्यांचा नियम सगळ्याच गिब्सनना लागू पडतो का? कारण मी अजून एक लेस पॉल क्लासिक बघितली होती तिच्यावर नंबर दाबलेला नव्हता, शाईने मारलेला होता, मी ती फेक समजून सोडून दिली :(

खुंटीवाला

अरेरे. ती कदाचित चांगली होती रे.

लेस पॉल क्लासिक, जी १९९० पासून आली, तिचा नंबर बरीच वर्षं शाईचाच असायचा आणि सुरुवातीचा आकडा वर्षाचा. पन्नाशीतल्या मूळ गिटारींना १९५३ पासून तसाच शाईचा शिक्का असायचा, पहिला आकडा वर्ष, म्हणजे ९ ने सुरू झाला तर १९५९. त्याच धर्तीवर कस्टम शॉपच्या रीइश्यूंना (गिब्सनच्याच खास विभागाने जुन्या मॉडेलवरून नव्याने बनवलेल्या) पण शाई, पण तिथे पहिला आकडा कुठल्या वर्षाच्या मॉडेलची नक्कल आहे ते सांगतो आणि बनवलेलं वर्ष त्याच्या पुढच्या आकड्यात. त्यामुळे ९ बघून कोणी "५९ ची ओरिजिनल" म्हणाला तर हसून निघून यायचं.

बाकी फुटकळ अपवाद पण आहेत. १९७५ ते ७७ मध्ये दाबलेल्या नंबराऐवजी डिकॅल (चिकटवलेला छाप) होता, ९९ ने सुरू झाला तर ७५, ०० ने तर ७६, ०६ ने तर ७७. आता गंमत बघ, ०६ बघून नवखा माणूस २००६ समजतो. १९९४ हे गिब्सनचं शंभरावं वर्ष म्हणून त्या वर्षी बऱ्याच गिटारींचा नंबर सरळ ९४ ने सुरू होतो, तिथे दिवस मोजायला गेलास तर भलतंच उत्तर येईल. थोडक्यात डिकोडरने "अवैध" सांगितलं म्हणूनही लगेच गिटार फेकून द्यायची नाही.

समोर आल्यावर काय बघायचं ते तारामती ताई जास्त चांगलं सांगतील, त्या रोज उघडतात. ताई आहात का?

तारामती

आहे आहे, सकाळपासून हात फेव्हिकॉलमध्ये होते म्हणून उशीर झाला. (फेव्हिकॉल गंमतीत म्हटलं, उगाच कोणी ओरडू नका.)

बंडू, मी दुरुस्तीचं काम करते आणि माझ्याकडे खोट्या लेस पॉल इतक्या येऊन गेल्यात की आता केस उघडल्या उघडल्या कळतं, पण ते कसं कळतं हे सांगणं अवघड. तरी प्रयत्न करते. तुझा दुसरा फोटो मोठा करून बघितला. नटच्या (तारा ज्या पट्टीवरून हेडस्टॉककडे जातात तिच्या) वर जे घंटेच्या आकाराचं छोटं झाकण असतं ना, ट्रस रॉडचं (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचं), त्याला तुझ्या फोटोत तीन स्क्रू आहेत. वर एक, खाली दोन. गिब्सनला दोन असतात, एक वर एक खाली. मला तर इथेच शंका आली.

पण नुसतं झाकण बघून निकाल द्यायचा नाही, झाकण कोणीही बदलतं. ते उघडायला सांग. आत गिब्सनमध्ये पितळी षटकोनी नट असतो, त्याच्यावर बाहेरून पाना चढतो, पाच-सोळांश इंचाचा. खोट्यांमध्ये तिथे बहुतेक वेळा भोक दिसतं ज्यात अ‍ॅलन की जाते. झाकण बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, अख्खा रॉड बदलायला फ्रेटबोर्ड (बोटं दाबतो ती पट्टी) उखडावा लागतो, तेवढे कष्ट फसवणारा घेत नाही. म्हणून मी नेहमी अशी जागा बघते जी बदलायला नंबर छापण्यापेक्षा जास्त मेहनत लागते.

तसंच हेडस्टॉकच्या मागे, जिथे नेक (मान) संपून हेडस्टॉक सुरू होतो तिथे तिरका जोड दिसतो का ते बघ. गिब्सन लेस पॉलचा नेक हेडस्टॉकसकट एकाच तुकड्यातून कापतात, म्हणूनच तर ती गिटार जरा पडली की मान मोडते आणि माझं पोट चालतं. स्वस्तात बनवताना हेडस्टॉक वेगळा कापून तिरका चिकटवतात, त्यात लाकूड वाचतं, आणि खरं सांगायचं तर तो जोड मजबूत असतो, वाईट नाही, पण गिब्सनमध्ये तो नको. हां, हेडस्टॉकच्या दोन्ही कडांना उभे बारीक तुकडे जोडलेले असतात ते खऱ्यातही असतात, ते बघून घाबरू नकोस. आणि सत्तरच्या दशकात नेक तीन उभ्या पट्ट्यांचा करायचे, तेही खरंच.

मग ब्रिजचे (खाली तारा ज्यावर टेकतात त्याचे) खांब. खोट्यात जाडजूड खांब असतात आणि त्यांच्या डोक्यावर पेचकस बसेल अशी मोठी खाच. मागचं झाकण काढलं तर आतले पॉट (आवाजाच्या बटणांखालचे डबीसारखे भाग) चिमुकले आणि वायरी रंगीबेरंगी बारीक. पण इथे एक सावधगिरी, गिब्सनने पण २००८ च्या आसपास काही मॉडेलमध्ये आत सर्किट बोर्ड टाकायला सुरुवात केली, त्यामुळे "बोर्ड दिसला म्हणजे फेक" हे नेटवरचं वाक्य डोळे झाकून मानू नकोस.

नंबराबद्दल एकच. खऱ्यात तो लॅकर (वरचा चकचकीत थर) मारण्याआधी दाबलेला असतो, त्यामुळे आकड्यांच्या कडा गोलसर आणि रंगाखाली असल्यासारख्या दिसतात. रंगावरून ठोकलेला असेल तर कडेला बारीक तडे जातात. आकडे थोडे वाकडे, वरखाली असले तरी चालतं, उलट अगदी कंप्युटरने छापल्यासारखे एका रेषेत आणि खोल असले तर मी भिंग काढते. आणि नंबराच्या वर एखादा सुटा २ दिसला तर तो खोटेपणा नाही, फॅक्टरीतून रंगात वगैरे बारीक खोट राहिलेला दुसऱ्या दर्जाचा माल, त्याला जुन्या काळी तसा शिक्का मारायचे.

सोलो_सम्राट

ताई पण तीन स्क्रूचं झाकण कोणी हौसेने लावलं असेल ना. सगळ्याच गोष्टीत संशय घेतला तर माणूस सेकंडहॅन्ड घेणारच नाही.

तारामती

लावलं असेल ना, म्हणून तर उघडायला सांगतेय. उघडायला काय जातंय?

काकांचा_पुतण्या

बंडूने वर ज्या काकांच्या फेंडरचा उल्लेख केला तो मित्र मीच :D त्यामुळे फेंडरचं पण कोणीतरी सांगून टाका, घरात वाद पेटलाय. काका म्हणतात साठच्या दशकातली आहे. हेडस्टॉकवर नंबर नाही, मागे चार स्क्रूंची जी पत्र्याची प्लेट आहे तिच्यावर एल ने सुरू होणारा नंबर आहे.

तारामती

काकांना खोटं पाडायची घाई करू नकोस. फेंडरचे नंबर सुरुवातीला ब्रिजच्या पत्र्यावर असायचे, अगदी पहिल्या स्ट्रॅटना (स्ट्रॅटोकास्टर, फेंडरचंच मॉडेल) मागच्या ट्रेमोलोच्या झाकणावर, मग १९५४ पासून नेक प्लेटवर आले आणि १९७६ ला हेडस्टॉकवर गेले. म्हणजे साठच्या दशकातल्या फेंडरच्या हेडस्टॉकवर नंबर असता तर उलट मी घाबरले असते. एल वाले १९६३ ते ६५ च्या आसपासचे.

पण. (हा पण मोठा आहे.) ती प्लेट चार स्क्रूंनी लागते. चार स्क्रू काढले की गिटारची ओळख तुमच्या मुठीत. कोणीही ती दुसऱ्या गिटारला लावू शकतं, आणि हव्या त्या नंबराची नवी प्लेट बनवून देणारेही आहेत. बरं, खऱ्या प्लेटासुद्धा फॅक्टरीत क्रमाने लावत नव्हते, डब्यात हात घालायचा, येईल ती लावायची, त्यामुळे लहान नंबरची गिटार मोठ्या नंबरच्या नंतर बनलेली असं सर्रास असतं. म्हणून जुन्या फेंडरच्या बाबतीत नंबर हा फार तर अंदाज.

खरी माहिती आत असते. नेक काढला की त्याच्या टाचेवर पेन्सिलने किंवा शिक्क्याने तारीख असते. आणि पॉटवर कोड असतो, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. समजा कोड १३७६६३३ आहे, तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६, आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा ३३ वा आठवडा. ३०४ ने सुरू झाला तर स्टॅकपोल. गिटार पॉटच्या आधी बनू शकत नाही, नंतर बनू शकते, कारण पॉट गोदामात पडून असतात, फेंडरने तर १९६६ ला पॉटचा एवढा मोठा साठा घेऊन ठेवला की ६६ चे पॉट त्यानंतर काही वर्षं गिटारींमध्ये निघत राहिले. फक्त सोल्डर आधी बघायचा. एकदा एक जण अशीच एल प्लेटची स्ट्रॅट घेऊन आला, आत पॉट १९७८ चे. तो रडवेला झाला. मी भिंगाखाली धरलं तर सोल्डर दुसऱ्यांदा मारलेला स्पष्ट दिसत होता, जुन्या फ्लक्सचे डाग खाली तसेच. पॉट बदलले होते, बाकी गिटार सरळ होती, टाचेवर ६४ ची तारीख. तर दोन्ही बाजूंनी घाई नको.

खुंटीवाला

आणि हेडस्टॉकवर नंबर आल्यानंतर उलटा घोळ झाला. आता नंबर नेकचा आहे, गिटारचा नाही. नेक बदलला की नंबर बदलला. एस म्हणजे सत्तरी, ई म्हणजे ऐंशी, एन नव्वद, झेड दोन हजारच्या पुढे, आणि २०१० पासून यूएस१० असं सरळ. मेक्सिकोत बनलेल्यांना त्याच्या आधी एम लागतो, एमएन, एमझेड, आणि नंतर एमएक्स१०. आता अक्षराच्या पुढचा आकडा वर्षाचा हे खरं, पण खुद्द फेंडरकडून १९९० मध्ये काही गिटारींना एन९ चे डिकॅल चुकून लागले होते, ज्या नंबरावरून ९९ च्या वाटतात. म्हणजे कंपनीच चुकते, डिकोडर बिचारा काय करणार.

डिकॅल हा प्रकारच मुळात पाण्यातून सरकवून चिकटवायचा कागद आहे, कोणीही छापतं. नखाने कड लागते का बघायचं, पण जुन्या काही खऱ्या फेंडरवर डिकॅल लॅकरच्या वरच असायचा, तिथे नखाची परीक्षा उलटी फसते. त्यामुळे असली "एका झटक्यात ओळखा" वाली युक्ती कोणी सांगितली की मी दोन पावलं मागे सरकतो.

साउंडहोल_मामा

तुम्ही सगळे वीजवाले. आमच्या अकूस्टिकचं कोणीच बोलत नाही, तिथे सगळं आत लपलेलं असतं त्यामुळे लोक बघतच नाहीत.

मार्टिन बघा. १८९८ पासून आजपर्यंत एकच सलग मोजणी, सुरुवात ८००० पासून केली आणि दहा लाखावी गिटार २००४ ला निघाली. नंबरात ना दिवस ना महिना, नुसता पुढचा आकडा. कंपनी दर वर्षाचा शेवटचा नंबर देते, त्या यादीत आपला कुठे बसतो ते बघायचं. नंबर साउंडहोलमधून आत मान घालून वर नेककडे बघितलं की जो लाकडी ठोकळा दिसतो त्यावर ठोकलेला असतो, मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो. १९३० च्या शेवटापासून मॉडेलचं नावही तिथेच वर. आणि हीच खरी चाचणी, नंबर यादीत बसतोय पण तिथे लिहिलेल्या मॉडेलशी समोरच्या गिटारचं लाकूड, बांधणी, सजावट जुळतेय का? खोट्या मार्टिनमध्ये हमखास घोळ इथे असतो. मॉडेल लिहिलंय साधं १८ चं आणि अंगावर ४५ सारखी शिंपल्याची नक्षी, वरून कीर्तन आतून तमाशा.

टेलरचा नंबर मात्र वाचायला मजा येते. २००९ च्या शेवटापासून दहा आकडे, पहिला १ म्हणजे अमेरिकेतलं एल काहोन, २ म्हणजे मेक्सिकोतलं टेकाटे, दुसरा आणि सातवा मिळून वर्ष, मध्ये महिना आणि तारीख, शेवटचे तीन त्या दिवसाचा क्रमांक. म्हणजे एखादा अमेरिकेत बनलेली म्हणून विकतोय आणि पहिला आकडा २ असला तर गिटार खरी असूनही तो खोटं बोलतोय. हे पण लक्षात ठेवा हां, फसवणूक दरवेळी खोट्या गिटारचीच नसते.

क्लासिकलमध्ये तर निव्वळ कागदी लेबल. कागद काय, कोणीही चिकटवतो. व्हायोलिनवाल्यांनी तर ही गंमत शेकडो वर्षं केली, स्ट्रॅडिव्हरीचं नाव छापलेली लेबलं लावून कारखान्यातून हजारोंनी व्हायोलिनं निघाली, आणि १८९० च्या अमेरिकेच्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं तेव्हा त्याच क्रेमोनाच्या (स्ट्रॅडिव्हरीचं इटलीतलं गाव) लेबलाखाली इंग्रजीत जर्मनीचं नाव यायला लागलं. माळ्यावरच्या पेटीत आजोबांचं स्ट्रॅडिव्हरी सापडलं म्हणून नाचणाऱ्यांनी ती खालची ओळ आधी वाचावी.

बेसूर_बंडू

मामा हसून मेलो. मी घरातल्या मार्टिनमध्ये टॉर्च घालून बघून आलो आत्ता, नंबर आहे बाबा, आणि मॉडेल पण जुळतंय. अजून कुठे कुठे विचित्र जागी असतात नंबर?

खुंटीवाला

रिकनबॅकरचा जिथे केबल घुसवतो त्या जॅकच्या पत्र्यावर असतो. साठच्या दशकापासून १९८६ पर्यंत दोन अक्षरं, पहिलं वर्ष, दुसरं महिना, ए म्हणजे १९६१. लोक हेडस्टॉक शोधत बसतात आणि नंबर कमरेला. जुन्या आयबानेझला पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी, पुढचे दोन आकडे वर्ष, म्हणजे एच७९ असेल तर ऑगस्ट १९७९. नंतरच्यांना एफ असेल तर फुजीजेन कारखाना. यामाहात काही काळ आकड्यांच्या जागी अक्षरं, एच म्हणजे १, आय म्हणजे २ असं पुढे, आणि वर्षाला एकच अक्षर, त्यामुळे दशक गिटार बघून ओळखायचं.

आयबानेझवरून आठवलं, नक्कल आणि बनावट यात गल्लत करू नकोस. सत्तरीत जपानी कंपन्या हुबेहूब लेस पॉल बनवायच्या पण हेडस्टॉकवर स्वतःचं नाव टाकायच्या. गिब्सनची मालक नॉर्लिन १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गरवर, हेडस्टॉकच्या आकारावरून कोर्टात गेली आणि पुढे आपसात मिटलं. त्या गिटारी आज लोक शोधून शोधून घेतात. त्यांनी आकार उचलला, नाव नाही उचललं. तुझ्यावाला गिब्सन असं लिहून विकतोय, तो वेगळा धंदा.

बेसूर_बंडू

मंडळी अपडेट.

त्याला मेसेज केला की झाकणाला तीन स्क्रू कसे. म्हणाला आधीच्या मालकाने बदललंय. म्हटलं ठीक आहे, उघडून आतला फोटो पाठव. तर म्हणतो उघडलं तर वॉरंटी जाईल. २००६ च्या गिटारची वॉरंटी!! आणि ती पण त्याच्या नावावर नसलेली. मी म्हटलं बरं मग हेडस्टॉकच्या मागचा एक फोटो बाजूने उजेड टाकून दे, तो मात्र दिला, आणि ताई, नंबराच्या बरोबर खाली, पाचव्या-सहाव्या खुंटीच्या लेव्हलला तिरकी रेघ, लाकडाचा दाणा वर एका दिशेला आणि खाली दुसऱ्या दिशेला. शेवटी मी काळ्या गिटारच्या जाहिरातीची लिंक पाठवली आणि विचारलं दोन्हीचा नंबर एकच कसा. तेव्हापासून मी ब्लॉक आहे.

तारामती

ती रेघ म्हणजे तोच जोड. दाण्याची दिशा बघितलीस हे छान केलंस, मोडून चिकटवलेली असती तर दाणा दोन्हीकडे एकच राहिला असता आणि भेग वाकडीतिकडी गेली असती. त्या माणसालाही कदाचित माहीत नसेल की खोटी आहे, त्यालाही कोणीतरी टोपी घातली असेल. पण वॉरंटीचं ऐकून तसं वाटत नाही :)

सोलो_सम्राट

एक विचारायचं होतं. मी आत्ता माझ्या लेस पॉलचं झाकण बघितलं. तीन स्क्रू. उघडलं तर आत अ‍ॅलन कीचं भोक. घाम फुटलाय, हसू नका कोणी.

खुंटीवाला

हेडस्टॉकवर नाव काय लिहिलंय?

सोलो_सम्राट

एपिफोन.

खुंटीवाला

अरे मग ती गिब्सनचाच स्वस्त ब्रँड, तिथे तीन असतातच. झाकण लाव आणि वाजव.